पाटीच्या पाठीवरचा शब्द

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. लांबीला दीड हात, रुंदीला एक वीत, चारही कोपऱ्यांना एकेक भोक आणि त्या भोकांपासून निघालेल्या चार भेगा. माझ्या तोंडावर एकच शब्द रंगवलेला आहे, तो म्हणजे 'फ्रेश'. शब्द इंग्रजी असला तरी तो वाचता न येणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या पाठीवरही एक शब्द आहे. त्या शब्दासाठी एका माणसानं मला भिंतीत गाडलं, आणि त्याच शब्दानं मी त्याचा सूड घेतला. वस्तूंची निगा कशी राखावी हे मी शेवटी सांगणार आहेच. पण आधी सुडाचं ऐका, कारण ते सांगताना मला अजून बरं वाटतं.

जन्मानं मी पाटी नव्हे. एका बेकरीत पावाचं पीठ मळायची मोठी लाकडी काथवट होती, तिचा मी तळ. माझ्यावर इतकं पीठ मळलं गेलं की पाणी पिऊन फुगायचं आणि वाळून आकसायचं, ही सवय माझ्या अंगात कायमची मुरली. ही सवय लक्षात ठेवा, पुढे ती कामाला आली. एके दिवशी काथवट कडेला चिरली. बेकरीची मालकीण होती तिला सगळे मावशी म्हणत. तिनं काथवट जळणात टाकू दिली नाही. तळ कापून घेतला, घासून घेतला आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं.

"एका बाजूला 'फ्रेश' लिही," मावशी म्हणाली. "आणि मागे 'कालचा'."

"मागे कोण बघणार, मावशी?" पेंटरनं विचारलं.

"रोज सकाळी सगळे बघणार. तू लिही तर खरं."

"मग 'शिळा' लिहू का? सुटसुटीत आहे."

"शिळा म्हटलं की माणूस नाक मुरडतो. कालचा म्हटलं की विचार करतो. 'कालचा'च लिही."

अशी मी दोन तोंडांची झाले. इतर कुणाला दोन तोंडं असली तर ती खोटी समजतात. मला दोन होती म्हणूनच मी खरी होते.

सुतळीनं मला फळीच्या वर टांगलं होतं. आदल्या दिवशीचे उरलेले पाव सकाळी त्या फळीवर असत आणि तोवर माझी 'कालचा' ही बाजू पुढे असे. साडेसहाला भट्टीतून पहिला ट्रे निघाला की उरलेले पाव खालच्या फळीवर जात आणि मला उलटी करून 'फ्रेश' पुढे आणलं जाई. ताजा माल संपला की पुन्हा उलटी. कालचा पाव घेणारेही पुष्कळ होते. कुणाला भाजून कडक करायचा असे, कुणाला दुधात बुडवायचा, कुणाला स्वस्त पडायचा. त्यात कुणाला लाज नव्हती, कारण कुणी कुणाला फसवलेलं नव्हतं.

मला उलटवायचं काम भट्टीवाल्याचं. त्याला सगळे वस्ताद म्हणत. अंगानं किरकोळ, भुवयांवर कायम पीठ, बोलणं मोजकं. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक पावावर तो पात्यानं एक तिरपी चीर मारी. एक दिवस चीर उजवीकडे झुकलेली, दुसऱ्या दिवशी डावीकडे. दोन दिवसांचे पाव चुकून एकत्र झाले तरी ओळखता यावेत म्हणून मावशीनं आणि त्यानं मिळून काढलेली ही रीत. गिऱ्हाइकांना ती नक्षी वाटायची. बेकरीतल्या माणसांना ती तारीख होती.

फळीवर टांगून राहिलं की जगाचं बोलणं कानावर पडतं. माझा शब्द लोक कुठे कुठे वापरत हे ऐकून मला मोठी गंमत वाटायची. कुणी म्हणे, "अंघोळ केली, आता कसं फ्रेश वाटतंय!" कुणी म्हणे, "दोन दिवस गावाला जाऊन डोकं फ्रेश करून आलो." एक ऑफिसवाला म्हणायचा, "आमच्याकडे सगळी फ्रेश पोरं भरलीत, कुणाला काही येत नाही." एकदा मावशीनं एका छोट्या मुलीला ऊन पाव हातात देऊन सांगितलं, "हाताला ऊब लागते ना? ही ऊब भट्टीची हवी, उन्हाची नको. तेव्हा फ्रेश." त्या मुलीला माझ्या शब्दाचा अर्थ कळू लागला तो त्या दिवसापासून. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, पाटी बदलली की घड्याळ लावावं. माझे ते दिवस फार मानाचे होते.

मग मावशी गेली. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून बेकरी आली तिच्या बहिणीच्या मुलाकडे. त्यांना मी भाचेबुवा म्हणते. तोंडावर म्हणता आलं नाही म्हणून आता म्हणते. कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटाला अत्तर आणि बेकरीत पाऊल ठेवताना विजार दोन बोटं वर धरायची सवय. पहिल्याच सकाळी त्यांनी मला पाहिलं तेव्हा माझी 'कालचा' ही बाजू पुढे होती.

"हे काय?" भाचेबुवा म्हणाले. "स्वतःच्या दुकानात कुणी स्वतःची बदनामी टांगतं का?"

"बदनामी नाही साहेब," वस्ताद म्हणाले. "मावशींची रीत आहे. पहिला ट्रे निघाला की उलटी होते."

"आता कायमची उलटी होईल."

त्यांनी सुतळी कापली. मला 'फ्रेश' पुढे करून भिंतीवर धरलं, चारही कोपऱ्यांत भोकं पाडली आणि चार स्क्रू पिळून बसवले. माझ्या भेगा तेव्हाच्या. पाठ भिंतीला चिकटली. मावशीनं सांगून लिहून घेतलेला शब्द गिलाव्यात तोंड खुपसून पडला. दुखलं त्याचं मला एवढं नाही. पण त्या दिवसापासून दिवसभर, ट्रे निघो न निघो, मी एकच गोष्ट ओरडत राहिले आणि ती खोटी होती, याचा मला संताप आला. तो संताप मी गिळला नाही, जपून ठेवला.

थोड्या दिवसांनी भाचेबुवांनी नवी शक्कल काढली.

"वस्ताद, हे उरलेले पाव फ्रेश करून द्या बरं."

"फ्रेश करून म्हणजे?"

"पाण्याचा हात मारायचा, पाच मिनिटं भट्टीत सारायचे. मऊ होतात, गरम होतात. फ्रेश म्हणजे आणखी काय असतं?"

वस्तादांनी हातातलं पातं खाली ठेवलं. "साहेब, माणूस तोंड धुऊन फ्रेश होतो. पाव होत नाही. पाणी मारलेला पाव घटकाभर मऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी आतून बुरसतो. मी नाही करणार."

"बरं बरं, नका करू," भाचेबुवा हसून म्हणाले.

वस्ताद पहाटे तीनपासून राबत आणि दुपारी दोनला घरी जात. ते वळले की भाचेबुवा बाह्या सरसावत, कालचे-परवाचे पाव ट्रेवर मांडत आणि बादलीतलं पाणी शिंपडून तापलेल्या भट्टीत सारत. फस्सकन वाफ उठे आणि सगळी माझ्या अंगावर येई. वस्तादांना याचा पत्ताही नव्हता. बघणारी मी एकटी, आणि माझं तोंड तर त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

जवळच मुलींचं एक वसतिगृह होतं. रोज सकाळी तिकडे पावाच्या पेट्या जात, आणि त्या आता भाचेबुवा स्वतः भरत. एका सकाळी वसतिगृहाच्या बाई एक पेटी परत घेऊन तणतणत आल्या. दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. बाईंनी एक पाव मधोमध फोडून फळीवर आपटला. आत हिरवट बुरा.

"काल दिलात तो हा पाव! चार मुली पोट धरून झोपल्यात. ह्याला तुम्ही फ्रेश म्हणता?"

भाचेबुवांनी काय करावं? त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बाई, पाटी बघा. आम्ही फ्रेशशिवाय विकतच नाही. भट्टीवाल्यानं कच्चे काढले असणार. वय झालंय त्याचं."

वस्ताद आतून आले. कोपरापर्यंत पीठ. त्यांनी पेटीतले चार-पाच पाव उचलून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ही चीर बघा. काल मी सगळ्या पावांवर उजवीकडे झुकलेली चीर मारली होती. ह्या सगळ्या डावीकडे झुकलेल्या आहेत. हे पाव काल भाजलेलेच नाहीत. परवाचे आहेत, नाहीतर त्याच्याही आधीचे."

"रेघा कुठेही ओढतात हो," भाचेबुवा म्हणाले. "स्वतःची चूक झाकायला माणूस काय काय शोधून काढतो!"

"साहेब, ही पाटी उलटी करा. मावशींनी मागे काय लिहून घेतलं होतं ते ह्यांना दाखवा. ह्या दुकानात कालचा माल कधी लपवला नव्हता."

"पाटीला हात लावायचा नाही! आणि तू आधी पाणी मारून पाव विकायचं बंद कर. मला सगळं कळलंय तुझं."

बावीस वर्षं ही भट्टी सांभाळलेल्या माणसाला 'तू', आणि स्वतःचं पाप त्याच्या डोक्यावर! मी किंचाळले असते. पण माझ्या तोंडावर शब्द एकच, तोही भाचेबुवांच्या बाजूनं साक्ष देणारा.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वस्तादांकडे. "लाज वाटायला हवी होती तुम्हाला," त्या वस्तादांना म्हणाल्या. "लेकरांच्या तोंडचा घास आहे हा."

वस्तादांनी एप्रन काढला, घडी घातली आणि फळीवर ठेवला. जाताना त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून तर मला जास्त लागलं. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून पुढचं कळत गेलं. ते तीन बेकऱ्यांत काम मागायला गेले, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना विचारलं, "पोरींना बुरसलेला पाव खाऊ घालणारे ते तुम्हीच ना?" बावीस वर्षांत कमावलेलं नाव एका सकाळी गेलं, आणि ते घालवायला माझा उपयोग केला गेला. मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही.

आता लाकडाच्या फळीनं सूड घ्यायचा म्हणजे कसा? हात नाहीत, पाय नाहीत. पण माझी जुनी सवय होती, पाणी प्यायचं आणि फुगायचं. दुपारी भाचेबुवा पाणी शिंपडत, वाफ उठे, आणि मी ती घोट घोट पीत असे. संध्याकाळपर्यंत फुगून स्क्रूंना भिंतीतून ओढायची, सकाळपर्यंत वाळून पुन्हा आकसायची. रोज केसभर. मागचा गिलावाही त्याच वाफेनं भुसभुशीत होत चालला. त्यांनी एक दिवस जरी लबाडी थांबवली असती तर मी वाळून तशीच राहिले असते. पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. सहा महिन्यांत खालचे दोन स्क्रू सैल झाले. मग वरचा डावा. उरला एक. तो मी मुद्दाम धरून ठेवला. घाई करून, रिकाम्या दुकानात धपकन पडून, चुलीत जायची माझी तयारी नव्हती. मला चारचौघं हवे होते, जसे वस्तादांच्या वेळी होते.

तो दिवस आला. वसतिगृहाचा वर्षाचा माल ठरवायचा होता. भट्टीवाला बदलला आणि भाचेबुवा वसतिगृहाच्या पेटीत तेवढे ताजे पाव घालू लागले, म्हणून बाईंनी बेकरी सोडली नव्हती. त्या दुपारी त्या आल्या, बरोबर आणखी दोन वसतिगृहांच्या बाई. तिन्हीकडचं काम मिळालं तर भाचेबुवांचं सोनं होणार होतं. त्यांनी दारातच अदबीनं मान लववली. फळीवर एक मोठा ट्रे सजवलेला, आताच वाफ खाऊन निघालेला.

"हात लावून बघा, बाई. गरम आहेत. एकदम फ्रेश."

"ते मागचं प्रकरण पुन्हा व्हायला नको," बाई म्हणाल्या.

"त्या माणसाला तर आम्ही तेव्हाच हाकललं. बाई, आमच्या मावशीपासूनची ही पाटी आहे." असं म्हणत भाचेबुवांनी कौतुकानं माझ्यावर थाप मारली. "हिच्यासारखी साक्ष कुणाची?"

त्यांनी स्वतःहून साक्षीला बोलावलं, मग मी कशाला मागे राहू? मी चौथा स्क्रू सोडला. गिलाव्याच्या चार ढेकळांसकट मी खाली आले, ट्रेच्या कडेवर आपटले आणि पावांवर पालथी पडले. पालथी म्हणजे, मावशीची बाजू वर करून.

'कालचा'.

बाई वाकून तो शब्द वाचत होत्या. मग त्यांची नजर माझ्याखालच्या पावांवर गेली. त्यांनी एक पाव उचलला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांना ती सकाळ आठवत असावी, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अहो, आत कोण आहे?" त्यांनी हाक मारली. "भट्टीवर कोण आहे?"

पिठाची पोती लावायला आज मागच्या खोलीत थांबलेला नवा भट्टीवाला हात पुसत बाहेर आला. बिचारा साधा माणूस. भाचेबुवांनी त्याला डोळ्यांनी काही खुणावलं, पण त्याला ते कळलं नाही.

"आज सकाळी पावांवर कुठली चीर मारलीत?" बाईंनी विचारलं.

"उजवीकडची, बाई. काल डावीकडची होती. वस्तादांची रीत आहे, इथल्या माणसांनी दाखवली, मी आलो तेव्हापासून तीच चालवतोय. मोडा म्हणून कुणी सांगितलं नाही."

खरोखर कुणी सांगितलं नव्हतं. वस्तादांनी भर दुकानात रीत समजावून सांगितली होती, भाचेबुवांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती. पण भट्टीवरच्या माणसाच्या बोलण्यात काही अक्कल असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. आठ महिने ते बुडवणारी तारीख ट्रेवर स्वतःच्या हातानं मांडत होते.

बाईंनी ट्रेमधले पाव एकेक करून ओळीनं लावले. चोवीस पाव. सगळ्या चिरा डावीकडे झुकलेल्या. एकाच्या बुडाशी अजून पाण्याचा ओघळ होता.

"बाई, तुमचा गैरसमज होतोय, मी सांगतो ना..." भाचेबुवा घाम पुसत म्हणाले.

"तुम्ही काही सांगू नका. त्या माणसानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चारचौघांत मी त्याला लाज काढून बोलले. तो राहतो कुठे?"

पत्ता नव्या भट्टीवाल्यानं दिला. तिन्ही बाई गेल्या आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गावभर गेली. मला किती गार गार वाटलं, ते सांगता येत नाही. भाचेबुवा खुर्चीत बसले. मग एकदम उठले, मला उचलून भट्टीच्या जळणावर भिरकावलं आणि म्हणाले, "जाळा हिला!" हरकत नव्हती. माझं काम झालं होतं.

पण नव्या भट्टीवाल्यानं मला जाळलं नाही. पिठाच्या पोत्यात गुंडाळून त्यानं मला वस्तादांच्या घरी नेऊन पोचवलं. तिथे बाई आधी येऊन गेल्या होत्या. त्यांनी माफी मागितली होती आणि वसतिगृहाचा पाव वस्तादांकडे सोपवला होता. वस्तादांनी एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, छोटी भट्टी बांधली. मला दोन्ही बाजूंनी पुसलं, भेगांत सरस भरला, वरच्या दोन भोकांतून नवी सुतळी ओवली. पहिला ट्रे निघाला तेव्हा त्यांनी मला उलटवलं. कितीतरी महिन्यांनी माझ्या पाठीला वारा लागला.

इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण खरा घास पुढे आहे.

वर्षभरानं, एका दुपारी, शेडपाशी एक गिऱ्हाईक आलं. शर्टाची इस्त्री मोडलेली, दाढी दोन दिवसांची. भाचेबुवा. त्यांच्या बेकरीचं दार बंद होऊन तीन महिने झाले होते. दुसरी बेकरी जवळ नव्हती. वस्ताद दिसताच त्यांनी मागे फिरायला पाऊल उचललं, पण सोबत लहान मुलगी होती, आणि तिला भूक लागली होती.

ताजा माल सकाळीच संपला होता. माझी मागची बाजू पुढे होती. भाचेबुवांनी मान वर करून मला पाहिलं. जी बाजू त्यांनी गाडली होती तीच. मी हलले नाही. मला त्यांना ती नीट, सावकाश वाचू द्यायची होती.

"फ्रेश नाहीत?" त्यांनी विचारलं.

"संपले," वस्ताद म्हणाले. "कालचे आहेत. देऊ?"

भाचेबुवांनी मुलीचा हात धरला. "द्या," ते म्हणाले.

वस्तादांनी दोन पाव कागदात नीट गुंडाळले. मी वाट पाहत होते, आता तरी हा माणूस चार शब्द सुनावेल. बावीस वर्षांचे, एका सकाळचे. पण वस्तादांनी पुडी मुलीच्या हातात दिली आणि तिच्या बापाला, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात सांगितलं, "तव्यावर जरा परतून घ्या. पाणी मारू नका."

भाचेबुवांचा चेहरा मी पाहिला. आठ महिने वाफ पिऊन मला जे मिळालं नव्हतं ते त्या चार शब्दांत मिळालं.

तर मित्रांनो, आता निगा राखायचं. पाटी असो, पातं असो की माणूस, ज्याच्याकडून काम घेता त्याला ऊन, वाफ, पाणी यांपासून जपा. त्याला जे खरं सांगायचं असेल ते सांगू द्या. आणि मला पुसायला घेतलंत, तर दोन्ही बाजूंनी पुसा.